वक्रीभवन की अपवर्तन?

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही शाळेत प्रकाशाचे वक्रीभवन शिकलो. मुलीच्या दहावीच्या पुस्तकात त्याच जागी अपवर्तन आहे. दोन्ही एकच ना? मग शुद्ध शब्द कोणता? शिवाय ती म्हणते, आकाश निळे दिसते ते विकिरणामुळे. विकिरण म्हणजे तर अणुभट्टीतून बाहेर पडते ते ना?'

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. दोन्ही एकच. प्रकाश एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात तिरका शिरला की त्याची दिशा बदलते, त्याला आपण वक्रीभवन म्हणत होतो आणि आताचे पाठ्यपुस्तक अपवर्तन म्हणते. मराठी विश्वकोशात याच अर्थाने 'प्रणमन' असा तिसरा शब्दही भेटतो. त्यामुळे वक्रीभवनांक, अपवर्तनांक आणि प्रणमनांक या तिन्ही नावांनी एकच संख्या सांगितली जाते, त्या माध्यमात शिरताना प्रकाश किती वळेल ते दाखवणारी: पाण्यासाठी सुमारे 1.33, हिऱ्यासाठी 2.42.

'शुद्ध' म्हणाल तर दोन्ही शुद्ध आहेत. वक्रीभवन हा बाष्पीभवन, घनीभवन यांच्याच साच्यातला शब्द. संस्कृत व्याकरणात याला च्वि प्रत्यय म्हणतात: जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. वक्र नव्हते ते वक्र झाले, म्हणून वक्रीभवन. यातला 'क्री' दीर्घ आहे. 'वक्रिभवन' असे लिहिलेले अनेकदा दिसते, ते चूक.

या शब्दावर आक्षेप घेतला जातो तो अर्थावरून. पाण्याच्या ग्लासात पेन्सिल तिरकी ठेवून बाजूने पाहा. पाण्याच्या पातळीशी ती मोडल्यासारखी दिसते, पण वरचा भाग सरळ आणि खालचाही सरळ. किरणाचेही तसेच. हवेतून पाण्यात जाताना तो स्तंभिकेशी (पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लंबाशी) 45 अंशांचा कोन करून आला, तर पाण्यात सुमारे 32 अंशांनी पुढे जातो. सीमेवर एकदाच दिशा बदलते, आधी सरळ रेषा आणि नंतरही सरळ रेषा. मग यात वक्र काय आहे, असे आक्षेप घेणारे विचारतात. भूमितीतल्या 'वक्र रेषे'पुरता तो आक्षेप बरोबर आहे. पण मराठीत वक्र म्हणजे फक्त कमानदार नव्हे, वाकडाही. वक्रदृष्टीत कमान कुठे असते? ग्रह वक्री होतो तेव्हाही तो नेहमीची दिशा सोडून उलटा चालताना दिसतो, एवढेच आपल्याला म्हणायचे असते. जुन्या शब्दाला हा आधार भक्कम आहे.

आणि किरण अक्षरशः वक्र होतो अशाही जागा आहेत. काचेच्या चौकोनी टाकीत तळाशी साखरेचा जाड थर द्या, हलक्या हाताने पाणी भरा आणि न ढवळता रात्रभर राहू द्या. तळाशी दाट, वर पातळ असे द्रावण आपोआप तयार होते. आता बाजूने, तळाच्या थोडे वर, लेझरचा झोत आडवा सोडा (डोळ्यांकडे मात्र कधीही नको). झोत खाली झुकत जातो आणि त्याची चक्क कमान दिसते. कारण अपवर्तनांक एका सीमेवर एकदम न बदलता थराथराने बदलतो, आणि किरण दाट भागाकडे सतत थोडाथोडा वळत राहतो. माझ्या मते शाळेतल्या प्रकाशाच्या प्रयोगांत इतका देखणा प्रयोग दुसरा नाही, आणि खर्च पावशेर साखरेचा.

हेच आपल्या डोक्यावर रोज घडते. वातावरण वर विरळ, खाली दाट. क्षितिजावरच्या सूर्याचा किरण आपल्यापर्यंत येईतो सुमारे 34 कला वळलेला असतो (60 कला म्हणजे एक अंश). सूर्यबिंबाचा व्यास साधारण 32 कला. म्हणजे बिंबाची खालची कड समुद्राला टेकलेली आपण पाहतो तेव्हा अख्खा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. त्यामुळे आपल्याकडे दिवस दोन्ही टोकांना मिळून चार-पाच मिनिटे वाढतो. या घटनेला कोणी वक्रीभवन म्हटले तर मी तो शब्द बदलायला सांगणार नाही.

तरीही दोन्हींतला एकच निवडायचा तर मी अपवर्तन घेईन. सुरुवातीला तो कानाला खटकतो, कारण मराठीत वर्तन म्हणजे वागणूक, आणि मागे 'अप' लागला की गैरवर्तनाची आठवण होते. पण इथे वर्तन हे वृत् धातूचे, वळणे या अर्थाचे. परावर्तन म्हणजे मागे वळणे: आरशावरून किरण परततो. अपवर्तन म्हणजे वाटेवरून बाजूला वळणे. विवर्तन म्हणजे अडथळ्याच्या कडेशी किंवा बारीक फटीतून जाताना पसरत वळणे. तिन्ही घटनांत वळणे समान आणि कसे वळणे ते उपसर्ग सांगतो. एकदा हे समजले की मुलांना तीन व्याख्या वेगळ्या घोकाव्या लागत नाहीत. हिंदीतही अपवर्तनच रूढ असल्याने पुढे शिक्षणाचे माध्यम बदलले तरी शब्द सोबत राहतो.

जाता जाता, गणितात हा शब्द फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टकाच्या (समीकरणाची पूर्णांकातली उत्तरे शोधण्याच्या रीतीच्या) आरंभी भाज्य, हार आणि क्षेप यांना सामाईक संख्येने भागून लहान करायला सांगितले आहे, त्या क्रियेला अपवर्तन म्हणतात. हिंदीत मसाविला महत्तम समापवर्तक म्हणतात, तो यातूनच. प्रकाशाच्या अपवर्तनाशी त्याचा संबंध जोडू नये.

आता विकिरण. खरा घोटाळा होतो तो इथे, आणि त्यात तुमची मुलगी बरोबर आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत विकिरण म्हणजे प्रकाश कणांवर आपटून चहूकडे विखुरणे. अणुभट्टीतून किंवा तापलेल्या वस्तूतून जे बाहेर पडते त्याला मराठीत प्रारण म्हणतात (उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण आठवा), आणि अणुकेंद्रातून होणाऱ्या उत्सर्जनाला किरणोत्सार. हिंदीत मात्र या प्रारणालाच विकिरण म्हणतात, आणि विखुरण्याला प्रकीर्णन. हिंदी बातम्या ऐकून तो अर्थ आपल्याकडे आला असावा. तेव्हा मराठीत लिहिताना 'विकिरणाचा धोका' असे न लिहिता 'प्रारणाचा' किंवा 'किरणोत्साराचा धोका' असे लिहावे.

आकाश निळे दिसते ते हवेच्या रेणूंवरून होणाऱ्या विकिरणामुळे. तरंगलांबी कमी तितके ते जास्त, आणि तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात: 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. वरच्या टाकीत झोत नीट दिसावा म्हणून साखरेवर भरायच्या पाण्यात दोन थेंब दूध आधीच मिसळून घेतात, तेही विकिरणासाठीच. फक्त तिथे प्रकाश विखुरणारे कण दुधातले असतात.