त्याच लिस्टमधलं त्याच लिस्टमध्ये परत का ठेवता येत नाही?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मेथडला लिस्ट<?> (आतल्या वस्तूंचा टाइप न सांगितलेली लिस्ट) येते, आत फक्त यादी.सेट(०, यादी.गेट(०)) एवढीच ओळ आहे, आणि जावाचा कंपायलर म्हणतो की ऑब्जेक्टचं कॅप#१ होत नाही. जिथून काढलं तिथेच ठेवतोय, मग अडचण कसली?

ओळ चुकीची नाहीच. चालली असती तर काही बिघडलंही नसतं. पण तुम्ही ज्यावर विसंबताय ते कंपायलर बघतच नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे 'काहीही चालेल' असं बरेच जण धरून चालतात. खरं तर ते सांगतं, 'टाइप एकच आहे, ठरलेला आहे, कोणता ते इथे माहीत नाही.' त्या अनोळखी टाइपला कंपायलर तात्पुरतं नाव देतो, तेच तुमचं कॅप#१. याला कॅप्चर म्हणतात. मेख अशी, की हे नाव व्हेरिएबलला चिकटत नाही. 'यादी' जितक्यांदा लिहाल तितक्यांदा नवं बारसं. सेटच्या आधीची यादी आणि गेटच्या आधीची यादी त्याच्या लेखी एकमेकींना परक्या. मधल्या मध्ये कुणी व्हेरिएबलमध्ये दुसरीच लिस्ट घातली तर, ही भीती खरी आहे. पण फायनल लावलं, म्हणजे व्हेरिएबल बदलताच येणार नाही असं केलं, तरी तो ऐकत नाही. तिथे मात्र आडमुठेपणाच, माझ्या मते.

उपाय: एक प्रायव्हेट मेथड लिहा, <टी> व्हॉइड मदत(लिस्ट<टी> ल), ती ओळ तिच्यात हलवा आणि बाहेरून मदत(यादी) म्हणा. कॉलमध्ये यादीचा उल्लेख एकदाच, म्हणून कॅप्चरही एकदाच. तेच नाव टी म्हणून आत जातं आणि सेट-गेट दोन्ही टी बोलू लागतात. लिस्ट<लिस्ट<?>> असेल तर ही युक्ती चालणार नाही, कारण आतल्या प्रत्येक लिस्टचा टाइप निराळा असू शकतो.

लिस्ट<ऑब्जेक्ट> असा कास्ट मारू नका, म्हणजे टाइप जबरदस्तीने बदलू नका. मी मारला होता, वॉर्निंगही दाबली. पुढे कुणीतरी त्याच मेथडमधून इंटिजरच्या लिस्टमध्ये स्ट्रिंग घातली. रनटाइमला टाइप पुसलेला असल्याने तेव्हा कुणी हटकलं नाही. क्लासकास्टएक्सेप्शन (टाइप जुळत नसल्याची एरर) आलं ते भलत्याच फाइलमध्ये. अर्धा दिवस गेला.

गंमत म्हणजे जेडीकेच्या (जावासोबत येणाऱ्या संचाच्या) कलेक्शन्स.स्वॅपमध्ये, म्हणजे लिस्टमधल्या दोन वस्तूंची अदलाबदल करणाऱ्या मेथडमध्ये, हाच पेच आहे. तिथे लिस्ट<?> घेऊन आत सरळ रॉ (टाइपच न लिहिलेली) लिस्ट वापरलीय, वर कॉमेंट: कॅप्चर करता येईल, पण त्यासाठी आणखी एक प्रायव्हेट मेथड लागेल.