टेबलावर एवढी शिस्त, मग कॅसिनोत काय होतं?

"मॅडम, एका शॉटसाठी हा टेबलाभोवती दोन फेऱ्या मारतो, वाकतो, पुन्हा उभा राहतो. आणि कॅसिनोत गेला की तासाभरात घरभाड्याचे पैसे घालवून येतो. हा एकच माणूस आहे का?"

पूल म्हणजे क्यूने, लांब काठीने, टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये घालायचा बिलियर्ड्ससारखा खेळ. समुपदेशक म्हणून व्यावसायिक पूल खेळाडूंच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकत आले आहे. कधी पत्नी विचारते, कधी आई, कधी पाठचा भाऊ. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: "त्याचं कर्ज आम्ही फेडावं का?" म्हणून एका खेळाडूची हकिगत त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून लिहिते आहे. अनेक महिन्यांचं बोलणं इथे थोडक्यात येईल.

आधी या खेळाची परिस्थिती समजून घ्यायला हवी, कारण घरचे लोक सगळा दोष स्वभावावर टाकतात. पूलच्या कितीतरी मोठ्या स्पर्धा कॅसिनो असलेल्या हॉटेलांतच भरतात. पूलची यूएस ओपन 2019 मध्ये लास वेगासच्या मँडले बे इथे झाली, पुढे अटलांटिक सिटीच्या कॅसिनो हॉटेलात गेली. डर्बी सिटी क्लासिक ही अमेरिकेतली दुसरी मोठी स्पर्धाही वर्षानुवर्षं कॅसिनोच्याच आवारात खेळली जाते. म्हणजे मॅच हरून खोलीकडे जाणारी वाट बहुधा जुगाराच्या टेबलांजवळूनच जाते. दोन सामन्यांच्या मध्ये तासन् तास रिकामे असतात. प्रवास, हॉटेल, प्रवेश फी हा खर्च खेळाडूचा किंवा त्याच्यावर पैसे लावणाऱ्या बॅकरचा. 256 खेळाडू उतरतात त्या स्पर्धेत बहुतेकांचा खर्चही निघत नाही. जिंकूनही पैसे वेळेवर मिळतीलच असं नाही. 2006 मध्ये रीनो इथे इंटरनॅशनल पूल टूरच्या स्पर्धेत फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस यांनी पाच लाख डॉलरचं पहिलं बक्षीस जिंकलं, पण त्या स्पर्धेची बक्षिसं ठरल्या वेळी दिली गेली नाहीत. जगातला सर्वोत्तम खेळाडूही जिथे पैशाची वाट बघत बसतो, तिथे बाकीच्यांच्या घरात महिन्याचा हिशेब कसा लागत असेल, याचा विचार करा.

आमचा हा खेळाडू पहिल्या भेटीला आला तो पत्नीच्या आग्रहाने. हात बांधून बसला होता. जुगारावर व्याख्यान ऐकायची त्याची पूर्ण तयारी होती. मी त्याच्या सरावाबद्दल विचारलं. तो वही ठेवतो, हे मला त्याच्या पत्नीकडून कळलं होतं.

"मॅच हरलात की वहीत काय लिहिता?"

"कुठला बॉल चुकला, पोझिशन कुठे बिघडली, सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणारा शॉट, खेळायला हवी होती तिथे मारायला गेलो का. मग दुसऱ्या दिवशी तोच शॉट लावून पन्नास वेळा मारतो."

"आणि कॅसिनोत रूलेटच्या चाकावर हरलात त्या रात्रीचं काय लिहिलंत?"

"त्यात काय लिहिणार?"

"काय चुकलं ते."

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "काहीच चुकलं नाही. बॉल पडला तिथे पडला."

माझ्या मते पूल खेळाडूची अडचण इथे आहे. त्याने आयुष्यभर हरण्यातून काहीतरी शिकूनच मोठेपण मिळवलेलं असतं. चुकलेला प्रत्येक शॉट त्याला काही सांगतो. हरल्यावर पुन्हा टेबलापाशी जाणं हा त्याच्या लेखी गुण असतो, आणि पूलच्या टेबलावर तो खरोखर गुणच आहे. रूलेटचं चाक मात्र हरणाऱ्याला काहीही शिकवत नाही. लाल-काळ्या घरांच्या त्या फिरत्या चाकावर बॉल कुठे थांबेल यावर पैज लागते, आणि मागच्या फेरीचा पुढच्या फेरीशी संबंध नसतो. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोमध्ये काळा रंग सलग 26 वेळा आला. आता तरी लाल येणारच, असं धरून लोक पैसे वाढवत गेले आणि धुऊन निघाले. एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये दाखवून दिलं की लॉटरीचं तिकीट माणसाने स्वतः निवडलं असेल तर त्याला ते जास्त मोलाचं वाटतं. निवडण्याने जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नसली, तरीसुद्धा. ज्याचा हात खरोखरच बॉलला हवा तिथे थांबवतो, त्याला हा भास किती घट्ट धरत असेल!

पण त्याला गणित समजावत बसायची गरज नव्हती. ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

"38 घरं असलेल्या चाकावर शंभरामागे सव्वापाच जातात," तो म्हणाला. "शंभराची पैज चाळीस वेळा लावली तर चार हजार फिरतात आणि सरासरी दोनशे दहा जातात. पूलमध्ये कुणी मला असा गेम देऊ केला तर मी क्यू पिशवीतून बाहेरही काढणार नाही."

"मग तिथे का काढता?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. घरच्यांनी हे लक्षात घ्यावं. "एवढं साधं कळत नाही का?" हे वाक्य तुम्ही शंभरदा म्हणालात तरी उपयोग नाही, कारण कळतं. कळणं आणि त्या रात्री पाय वळणं यांच्यामध्ये एक विचार उभा असतो. तो सापडेपर्यंत समुपदेशकाने उपदेशाला हात घालू नये, असं मी मानते. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीची आहे. घटना माणसाला टेबलापाशी नेत नाही, त्या घटनेबद्दल तो स्वतःला जे बजावतो ते नेतं, यावर माझा विश्वास आहे आणि वर्षागणिक तो वाढतोच आहे.

म्हणून आम्ही एकच रात्र धरून बसलो. सर्वात जास्त पैसे गेले ती. सामना संपल्यापासून चाकापाशी पोहोचेपर्यंत काय काय झालं, ते मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो वैतागला. पण मला एका वाक्याची वाट होती आणि ते आलं.

"खोलीत का नाही गेलात?"

"हरलेला म्हणून खोलीत जायचं नव्हतं."

"म्हणजे?"

"बघा, आमच्यात डबल एलिमिनेशन असतं. एक मॅच हरलो की लूझर्स साइडला जातो. संपलेलो नसतो. तिकडून एकेक मॅच काढत परत वर येता येतं. मी अशा स्पर्धा जिंकल्यात. पण दुसऱ्यांदा हरलो की खेळ खलास. आणि रात्रीचे नऊच वाजलेले असतात. वाटतं, आजचा दिवस असा संपता कामा नये. अजून कुठेतरी एखादी बाजू उरलेली असली पाहिजे, जिथून..."

तो तिथेच थांबला. त्याचं वाक्य मी पुरं केलं नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते, पण एवढी वर्षं हे काम केल्यावर गप्प बसणं मला जमतं.

"मी कॅसिनोची तिसरी साइड केली," तो म्हणाला.

"त्या साइडची फायनल कधी असते?"

"नसते." आणि थोड्या वेळाने, "म्हणूनच मी जिंकत असलो तरी उठत नाही. जिंकून पोहोचायचं कुठेच नसतं ना."

हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही. पण ते त्याच्या तोंडून निघेपर्यंत आम्ही दोघं त्या रात्रीपाशी ठाण मांडून बसलो, याचं समाधान मला आहे. घरच्यांना सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी गोष्टही यातून उलगडते: "जिंकला होता, तेव्हा तरी उठायचं!" पैशांसाठी बसलेला माणूस जिंकल्यावर उठू शकेल. दिवसभराचा पराभव पुसायला बसलेला कसा उठेल? कितीही चिप्स समोर साचल्या तरी दुपारी चुकलेला नाइन बॉल, डाव ठरवणारा नऊ नंबरचा बॉल, पॉकेटमध्ये जाणार नसतो.

हरल्यावर वाईट वाटणं निरोगी आहे. ते भरून यावं ही इच्छाही निरोगी. "ते आजच भरून आलं पाहिजे, नाहीतर मी फुकटचा माणूस" ही मागणी मात्र घातक, आणि बदलायची ती तीच. पुढचे काही महिने आम्ही हेच केलं. स्पर्धेतून बाहेर पडल्यावर पहिले दोन तास त्याने हरलेला माणूस म्हणून काढायचे. भावाला फोन, बाहेर चालणं, वहीत सामन्याची नोंद, जेवण, झोप. आणि स्वतःला सांगायचं, "मी हरलो, मला त्रास होतोय, हा त्रास आज जाणार नाही आणि तो मला सोसवेल." ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा हे करताना हात थरथरत होते, असं त्याने सांगितलं. मधे एकदा तो घसरलाही. त्या वेळी त्याने दुसऱ्याच दिवशी पत्नीला आकडा सांगितला. माझ्या दृष्टीने ही फार मोठी प्रगती होती, कारण आधीचे आकडे तिला बँकेच्या कागदांतूनच कळत असत.

आता पैशांच्या जबाबदारीबद्दल. मी त्याला शेवटच्या बक्षिसाची रक्कम कागदावर मांडायला लावली. ठरल्याप्रमाणे बॅकरचा अर्धा वाटा. प्रवेश फी, प्रवास, राहणं. कर. भाडं, मुलीची फी, पुढच्या स्पर्धेची तजवीज. एकेक ओळ वजा करत गेल्यावर खाली जे उरलं, ते बघून तो म्हणाला, "मग त्या रात्री मी कुणाचे पैसे लावत होतो?" मी उत्तर दिलं नाही. ते कागदावरच होतं. जिंकलेला पैसा माणूस कमावलेल्या पैशापेक्षा सहज उडवतो, हे रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या संशोधकांनी 1990 मध्ये मांडलं आहे. म्हणून पूल खेळाडूच्या घरात बक्षिसाला 'जिंकलेले' म्हणूच नये असं मी सांगते. रोज सहा-सहा तास वाकून केलेल्या सरावाचा तो पगार आहे. तो बँकेतच जमा व्हावा, रोख हातात येऊ नये. घरखर्चाचं खातं आणि स्पर्धांचं खातं वेगळं ठेवावं, आणि घरखर्चाच्या खात्याची चावी काही काळ जोडीदाराकडे असावी. यात अपमान नाही. खेळाडूने स्वतः पुढाकार घेऊन ती दिली तर त्याला केवढं हलकं वाटतं, हे मी पाहिलं आहे.

आणखी काही गोष्टी आहेत. स्पर्धा कॅसिनोत असली तरी मुक्काम दुसरीकडे करता येतो, थोडा महाग पडला तरी करावा. कॅसिनोचं सभासद कार्ड आणि तिथली उधारीची सोय लेखी अर्ज देऊन बंद करावी. स्वतःहून स्वतःला प्रवेशबंदी करून घ्यायची सोय अनेक ठिकाणी असते. मात्र काही ठिकाणी ही बंदी फक्त जुगाराच्या जागेपुरती असते, तर काही ठिकाणी सगळ्या आवाराला लागू होते. खेळाडूची स्पर्धाच तिथे असेल तर सही करण्यापूर्वी हे विचारून घ्यावं. आणि ही अडचण सबब म्हणून वापरू नये. वर्षातली एखादी स्पर्धा सोडावी लागली तर सोडावी.

"पण हा पैसे लावूनच पूल खेळतो, मग ते चालतं का?" हेही विचारलं जातं. स्वतःच्या कौशल्यावर, समोरचा कोण हे बघून लावलेली पैज आणि चाकावर लावलेली पैज यांत फरक आहे, हे मी मान्य करते. पण हरल्यावर भरून काढायची घाई ज्याला आवरत नाही, त्याने काही काळ दोन्ही थांबवावं. ती घाई टेबल बघून येत नाही.

कुठे थांबून तज्ज्ञाकडे जायचं? 2013 पासून मानसरोगतज्ज्ञांच्या वर्गीकरणात, म्हणजे डीएसएम-5 मध्ये, जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घातला आहे. नऊपैकी चार लक्षणं वर्षभरात दिसली तर निदान होतं. घरच्यांच्या नजरेस पडतील अशी लक्षणं सांगते: लावायची रक्कम वाढत जाणं, थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड, गेलेले पैसे काढायला पुन्हा जाणं, खोटं बोलणं, उधारीसाठी लोकांकडे हात पसरणं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या. सोबत गॅम्बलर्स अॅनॉनिमससारखा गटही मोठा आधार देतो. 1957 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेलं हे काम आज अनेक देशांत चालतं. जुगारात बुडालेल्या माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येण्याचा धोका खरा असतो. तो तसं काही बोलला तर एक दिवसही वाट बघू नका आणि त्याला एकटं सोडू नका.

राहिला कर्जाचा प्रश्न. या पत्नीने माहेरून पैसे आणून एकदा सगळं फेडलं होतं आणि चार महिन्यांत ते तेवढंच झालं होतं. मी तिला सांगितलं तेच इतरांना सांगते: आधी सगळ्या देण्यांची यादी त्याच्या हाताने लिहिलेली हवी, एकही नाव न लपवता. भाडं, वीज, शाळा तुम्ही थेट भरा. जुगाराचं देणं त्याने फेडायचं, हप्त्यांनी, त्याच्या कमाईतून, तुमच्या नजरेसमोर. रोख रक्कम हातात देऊन मोकळं करणं म्हणजे पुढच्या रात्रीची सोय करणं. ती म्हणाली, "लोक म्हणतील, बायको असून मदत केली नाही." मी म्हटलं, "दर रविवारी त्याच्याशेजारी बसून तुम्ही तो हिशेब बघणार आहात. ही मदत नाही का?"

बॅकरला मात्र त्याने एकट्याने जाऊन सांगितलं. त्या माणसाने एक हंगाम त्याच्यावर पैसे लावायचं बंद केलं, आणि मला ते योग्यच वाटलं. त्या काळात हा जवळच्याच छोट्या स्पर्धा खेळला, दुपारी मुलांना शिकवलं आणि शिकवणीच्या पैशांतून हप्ते भरले. दोन देणी संपली आहेत, सर्वात मोठं अजून चालू आहे. पत्नी अधूनमधून एकटी भेटायला येते. तिच्या मनातला राग त्याच्या हप्त्यांबरोबर आपोआप फिटणारा नाही. त्या रागासाठी तिला स्वतःचा वेळ हवा आहे, आणि तो ती घेते आहे.