दोन संगणकांवर कोडिंग कसं शिकवायचं?

प्रश्न : ताई, आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्ग ग्रंथालय. दोन जुने संगणक आहेत, इंटरनेट येतं-जातं. मे महिन्यात मुलांसाठी कोडिंगचं एक दिवसाचं शिबिर घ्यावं असं मनात आहे. पण कार्यकारिणीतले ज्येष्ठ म्हणतात, "हे क्लासवाल्यांचं काम, आपण पुस्तकं सांभाळावीत." काय करावं?
— एक ग्रंथपाल

उत्तर : शिबिर घ्याच, पण एक दिवसाचं नको. उद्घाटन, सत्कार आणि फोटो यांतच दिवस सरतो. त्यापेक्षा सुट्टीभर दर शनिवारी दीड तास ठेवा.

पहिल्या शनिवारी संगणक सुरूच करू नका. पाच पुठ्ठ्यांवर १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढा, पाच मुलांना ओळीनं उभं करा. 'तेरा करा' म्हटलं की ८, ४ आणि १ वाल्यांनी पुठ्ठा दाखवायचा, बाकीच्यांनी उलटा धरायचा. शून्य ते ३१ पर्यंतचा प्रत्येक आकडा असा जमतो, आणि प्रत्येकाची मांडणी एकच. दाखवलेला पुठ्ठा म्हणजे १, उलटा म्हणजे ०; संगणक आकडे असेच लिहितो, हे मुलांना तिथंच कळतं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांनी 'सीएस अनप्लग्ड' नावानं असे कितीतरी खेळ रचलेत, तेही मोफत. आमच्या बालविभागात हा खेळ रंगला की शेजारी पेपर वाचणारे आजोबाही "एकवीस करा रे!" म्हणून हाक देतात.

मग 'स्क्रॅच' या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरकडे वळा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पडद्यावरचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा, टायपिंग फारसं लागत नाही. ते संगणकावर एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटवाचून चालतं. एका संगणकापाशी तिघं बसवा : एकाकडे माउस, दुसरा सांगणार, तिसरा पुढचा प्रसंग कागदावर काढणार. दर दहा मिनिटांनी जागा बदला आणि त्यासाठी घड्याळ लावा. नाहीतर माउस धीट मुलाकडेच राहतो, मुली मागे उभ्या राहतात. हे मी फार पाहिलंय.

आता ज्येष्ठांचं म्हणणं. मुलांना तुमच्या कपाटातली एखादी लोककथा वाचायला द्या आणि तिच्यातला कोल्हा पडद्यावर बोलता करायला सांगा. संवाद लिहिण्यासाठी मुलं तेच पान पुन्हापुन्हा वाचतात. ते बघायला कार्यकारिणीला बोलवा. माझ्या मते हे ग्रंथालयाचंच काम आहे.

शिकवायला गावातली अकरावी-बारावीची किंवा कॉलेजची मुलं पुरतील. ब्रिटनमध्ये क्लेअर सटक्लिफ आणि लिंडा सँडविक यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले 'कोड क्लब' शाळांत आणि ग्रंथालयांत स्वयंसेवकांच्याच बळावर चालत आलेत.

फी घेऊ नका. सूचनेत 'संगणक येत नसला तरी चालेल' हे मोठ्या अक्षरांत लिहा, आणि मुलींच्या शाळेत स्वतः जाऊन सांगा. नुसत्या फलकावर विसंबू नका.