टेक्स्टाइल-अपॅरलचं पहिलं वर्ष: स्केचबुकाआधी कापड

पहिल्या वर्षी सगळ्यांचा जीव स्केचिंगमध्ये अडकतो, मार्क मात्र लॅबमध्ये जातात. म्हणून पहिली खरेदी पिक ग्लासची, म्हणजे कापडातले धागे मोजायच्या छोट्या भिंगाची कर. त्यातून एका इंचातले ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे वेगवेगळे मोज. दोन-तीन जागी मोजून सरासरी घे, किनारीजवळ मोजू नको, तिथे वीण दाट असते.

जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, काढायला १० बाय १० सेंमीचा तुकडा काप, ग्रॅममधलं वजन गुणिले १००. तुकडा दोन मिलिमीटर चुकला तरी उत्तर हलतं, त्यामुळे कात्री धारदारच हवी.

काउंटमध्ये, म्हणजे सूत किती बारीक-जाड ते सांगणाऱ्या आकड्यात, हमखास गोंधळ होतो. कॉटनचा इंग्लिश काउंट वाढला की सूत बारीक: ४०चं सूत २०च्यापेक्षा बारीक. डेनियर उलटा, आकडा वाढला की धागा जाड, कारण तो ९,००० मीटरचं ग्रॅममधलं वजन आहे.

धागा कशाचा आहे ते ओळखायच्या जळण-चाचणीत ताणा आणि बाणा वेगळे उसवून जाळ. कॉटन कागदासारखं जळतं, राख मऊ. रेशमाला जळक्या केसांचा वास. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र सुतात ही चाचणी फसवते, तिथे मायक्रोस्कोप किंवा रसायनंच लागतात.

ड्राफ्ट, म्हणजे कपड्याचा कागदावर आखलेला पॅटर्न, आधी मांजरपाटावर शिवून बघ. कोरा मांजरपाट धुऊन, इस्त्री करून मगच काप, नाहीतर नंतर आटतो. पॅटर्नवरची ग्रेनलाइन, म्हणजे ताण्याची दिशा दाखवणारी रेघ, कापडाच्या किनारीपासून दोन्ही टोकांना टेपने मोज. डोळ्यांच्या अंदाजाने ठेवलेली पँट पायात फिरते, आणि तो दोष शिलाईत दुरुस्त होत नाही.