फेलोशिप जवळ आली की माझी झोप उडते

"मॅडम, कार्यक्रम मी ठेवते, स्वयंपाक मी करते, गेम मी घेते, आणि लोक आले की मलाच वाटतं कधी एकदाचं संपतंय हे." अशी तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका कमी नाहीत हो. कोणाची भिशी असते, कोणाचा सोसायटीचा गणपती, कोणाचं महिला मंडळ. प्रश्न तोच, की मी एवढं करते तरी लोक येत का नाहीत, आले तर रमत का नाहीत, माझ्यातच काही कमी आहे का. आज ज्या ताईंचं सांगतेय त्या चर्चच्या फेलोशिपचं बघायच्या, म्हणजे चर्चच्या लोकांनी एकत्र जमून प्रार्थना, गाणी, गेम आणि जेवण. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. मी स्वतः चर्चला जाणारी नाही, त्यामुळे बरंच काही मला त्यांनाच विचारावं लागलं, आणि त्याचा फायदाच झाला असं मला वाटतं, कारण समजावून सांगता सांगता माणूस स्वतःही ऐकत असतो.

ताई मूळच्या नवापूरकडच्या, घरी मावची बोलणाऱ्या, लग्न होऊन धुळ्याला आलेल्या, दवाखान्यात नर्स. चर्चमधे आधी पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, मिसेस फेलोशिपचं सगळं बघायच्या, त्यांची बदली झाली आणि ते काम आपोआप हिच्याकडे आलं, कारण ही नाही म्हणत नाही. झालं. फेलोशिप आठवड्यावर आली की पोटात ॲसिडिटी, रात्री दोन-तीनला जाग, मग मोबाईलवर गेम शोधत बसायचं. नवरा वैतागलेला. तोच घेऊन आला होता, बाहेर बसून राहिला.

मी आधी नेहमीचं विचारून घेतलं. ही धडधड, ही झोप उडणं रोजचं आहे का, ड्युटीवर पण होतं का, जीव नकोसा होतो का. तसं काही नव्हतं, कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवसापासून ठीक. म्हणून आम्ही बोलण्यावरच भर दिला. पण तुमचं रोजचं असेल, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर हे वाचून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, नाहीतर १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मागची फेलोशिप कशी झाली ते सांगा म्हटलं. मे महिना, चर्चमागचा पत्र्याचा हॉल, संध्याकाळी पाच वाजता. धुळ्यात मे महिन्यात पाच वाजता पत्र्याखाली! खुर्च्या रांगेत लावलेल्या, पुढे ताई माईक घेऊन. संगीत खुर्ची ठेवली तर मोठ्या बाया म्हणाल्या गुडघे दुखतात, पोरं दारात मोबाईल घेऊन उभी, नवीन लग्न झालेली एक मुलगी कोणालाच ओळखत नव्हती ती भिंतीला टेकून बसलेली. साठ माणसांचा पुलाव ताईंनी घरी एकटीने केला, ड्युटीवरून आल्यावर, आणि वरचे पैसे स्वतःच्या पर्समधून घातले. एका आजींना जवळ जाऊन विचारलं, आजी तुम्ही का नाही खेळत, तर आजी म्हणाल्या, "माले काय इचारस माय, मी ते पाव्हनी शे आठे." म्हणजे मी तर इथे पाहुणी आहे. आणि रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं की यावेळी खर्च जरा जास्तच झाला वाटतं. खाली दोन अंगठे.

ताईंच्या डोक्यात राहिला तो मेसेज. मला मात्र आजींचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं.

त्या एक वही सोबत घेऊन आल्या होत्या, शाळेची दोनशे पानी. त्यात प्रत्येक फेलोशिपचं पान. ५.०० प्रार्थना, ५.०५ गीत, ५.१५ गेम एक, ५.३० गेम दोन, बाजूला सामान, फुगे ३०, पेन्सिली, बक्षीस, चहाची साखर. अक्षर सुंदर, लाल पेनाने अधोरेखा. मी पानं उलटत गेले आणि विचारलं, ताई, यात दुसऱ्या कोणाचं नाव कुठे आहे? त्यांनी वही हातात घेतली, आणि मागे मागे जात राहिल्या. पाळकसाहेबांचं नाव होतं, प्रार्थनेपुढे. बाकी कोणाचंच नाही. "मीच करते ना सगळं," म्हणाल्या, आणि मग जरा रागाने, "आणि आता तुम्ही पण मला मार्थाची गोष्ट सांगू नका."

मला ती गोष्ट माहीत नव्हती, त्यांनीच सांगितली. येशू घरी आलेला, मार्था कामाच्या धबडग्यात, बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, मार्था तक्रार करते आणि बोलणं तिलाच बसतं. लूकच्या दहाव्या अध्यायात आहे म्हणे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, प्रत्येकाने ही गोष्ट ताईंना ऐकवली होती, आणि ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही कधी पातेलं घासलं नव्हतं. त्यांचा राग मला अगदी पटला. दमलेल्या बाईला शांत हो म्हणून वचन ऐकवणं सोपं आहे, तिच्या हातातला झारा घेणं अवघड.

मग मी विचारलं, तुमच्या गावाकडे कसं असायचं. आणि बाई एकदम वेगळ्याच झाल्या, खुर्चीत पुढे सरकल्या. नवापूर-नंदुरबारकडच्या बऱ्याच मंडळ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियातून आलेल्या मिशनऱ्यांच्या काळापासूनच्या, तिथे नाताळला आख्खं गाव जमायचं, घरोघरून तांदूळ-डाळ यायची, पुरुष चुली मांडायचे, बाया निवडत बसायच्या, पोरं लाकडं आणायची, रात्रभर ढोल आणि गाणी. मी विचारलं, तिथे प्लॅनिंग कोण करायचं?

"कोणीच नाही. म्हणजे सगळेच."

मला जे सांगायचं होतं ते त्याच बोलल्या. धुळ्याच्या हॉलमधे त्यांनी साठ माणसांना पाहुणं करून ठेवलं होतं आणि पाहुणा खुर्चीवर बसून काय करणार, खर्च किती झाला तेच बघणार.

पण हे कळलं म्हणून लगेच काम वाटून देता येतं असं नाही, कारण खरी भीती वेगळी होती. दुसऱ्याला काम सांगायचं म्हणजे बोलायचं, आणि आपलं मराठी ऐकून लोक हसतात असं ताईंना पक्कं वाटायचं. आधीच्या मॅडम कशा छान बोलायच्या, मी बोलले की लोक एकमेकांकडे बघतात. आम्ही कागदावर तीन रकाने केले, काय घडलं, मनात काय आलं, पुरावा काय. पुरावा या रकान्यात बरेच दिवस काही लिहिता येईना. एक होता, एका मुलीने त्यांच्या बोलण्याची नक्कल केली होती, ती खरीच होती, ती मी खोडली नाही. बाकी सगळं ताईंच्या डोक्यातलं. एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१८ मधे एक अभ्यास छापला होता, अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली की नंतर प्रत्येकाला वाटतं मी समोरच्याला तेवढा आवडलो नाही, आणि प्रत्यक्षात समोरच्याला तो त्यापेक्षा जास्त आवडलेला असतो. हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, ते तिकडचं झालं मॅडम, आमच्या चर्चमधलं वेगळं. बरं, म्हटलं, तुमच्या चर्चमधे करून बघू.

पुढची फेलोशिप जानेवारीत घ्यायची ठरली, आणि हॉलमधे नाही, एका सभासदाच्या शेतात, धुळ्याच्या बाहेर. भरीत पार्टी. खान्देशात थंडीत याला पर्याय आहे का सांगा! आणि मला समुपदेशक म्हणून भरीत का आवडलं ते सांगते, ते एकट्याने होतच नाही. वांगी भाजायला जाळापाशी दोघं-तिघं लागतात, सोलायला चार हात, हिरवी मिरची-लसूण कुटायला कोणीतरी, ठेचायला दमदार पोरगा, कांद्याची पात निवडायला बसलेल्या बाया, आणि कळण्याच्या भाकरी थापायला ज्यांना येतात त्याच आत्या, तिथे ताईंना काही येत नव्हतं हेही बरंच झालं. वांगं भाजताना काय बोलायचं हा प्रश्न कोणाला पडत नाही, हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं.

वहीत यावेळी वेळा कमी आणि नावं जास्त. जोड्या लावल्या, एक मोठं माणूस आणि एक तरुण. ती भिंतीला टेकणारी नवी सून आजींच्या जोडीला पात निवडायला. दारातली पोरं जाळावर. काम सांगायचं ते ग्रुपवर मेसेज टाकून नाही, एकेकाला फोन करून, आणि "जमेल का" असं नाही विचारायचं, "आजी, भाकरीचं तुमच्याकडे" असं सांगायचं. पहिले फोन करताना ताईंचे हात थरथरत होते असं नवऱ्याने सांगितलं. एकाने नाही म्हटलं. बाकीचे म्हणाले किती माणसांचं करायचं.

तारखेवर आमची बरीच चर्चा झाली. साक्री-नंदुरबारकडची काही कुटुंबं ऊसतोडीला गेलेली, ती उन्हाळ्याशिवाय येत नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी ठेवावं लागणार. एसटीतल्या आणि दवाखान्यातल्या लोकांच्या शिफ्ट. दहावी-बारावीची पोरं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधी, कारण तेव्हा खाण्यापिण्याची धमाल मोठ्यांना आवडत नाही. ताई म्हणाल्या एवढं बघितलं तर एकही तारीख उरणार नाही. सगळे येतील अशी तारीख नसतेच, पण कोण येऊ शकणार नाही ते आधी माहीत असलं की रिकामी सतरंजी बघून छातीत धस्स होत नाही.

बसायचं गोल करून, चार-पाच जणांचे गट. रॉबिन डन्बर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मधे मांडलं होतं की गप्पांचा घोळका साधारण चार माणसांपर्यंत टिकतो, त्याच्या पुढे गेला की तुटतो आणि दोन घोळके होतात. लग्नाच्या पंगतीत बघा, पटेल. साठ जणांना एका माईकने हसवणं हे स्टँडअपवाल्याचं काम आहे, नर्सचं नाही.

गेमबद्दल मी जरा हट्टाने बोलले. कोणालाही ओढून पुढे आणायचं नाही, नाचायला लावायचं नाही. हरलेल्याला शिक्षा नको. नवीन जोडप्याला चिडवायचे गेम नकोत, आणि मदर्स डे म्हणून सगळ्या आयांना उभं करून टाळ्या वाजवणं तर अजिबात नको. ताईंना हे कळेना, त्यात काय वाईट. मी विचारलं, तुमच्या मंडळीत मूल न झालेल्या किती जणी आहेत? त्या गप्प झाल्या, मग बोटांवर मोजायला लागल्या, आणि मग म्हणाल्या म्हणूनच ती अमकी मे महिन्यात येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका अशाच कुठल्यातरी गमतीच्या कार्यक्रमातून दुखावून आलेल्या असतात, हळदीकुंकवातून विधवा बाया येतात तशाच. मग गटागटाने गीतांची अंताक्षरी ठेवली, आणि बायबलमधली माणसं मुक्याने ओळखायची, झाडावर चढलेला जक्कय, माशाच्या पोटातला योना, त्यात पोरं आणि आजोबा एकाच लायकीचे.

आणि ताईंना दोन गोष्टी करायला दिल्या, खरं तर न करायला. पहिला अर्धा तास हातात काही घ्यायचं नाही, कोणत्या तरी गटात बसायचं. आणि ठरवलेला एक गेम मुद्दाम घ्यायचा नाही. आधी लिहून ठेवायचं काय होईल. त्यांनी लिहिलं, अर्धे लोक जेवून लगेच निघतील, आणि गेम का नाही घेतला म्हणून विचारतील.

झालं कसं? भाकरी कमी पडल्या. स्पीकरला लाईट नव्हती. दोन गाड्या रस्ता चुकून पुढे गेल्या. आणि एका काकांनी टाळ घेऊन ना. वा. टिळकांचं गीत धरलं, पोरांनी तेलाच्या डब्यावर ताल, मग माईकची आठवण कोणाला राहिली नाही. तो न घेतलेला गेम कोणालाच आठवला नाही. जेवून निघाले ते मोजके, बाकीचे अंधार पडेपर्यंत शेकोटीपाशी. पाव्हनी म्हणणाऱ्या आजी नव्या सुनेला भाकरी थापताना रागावत होत्या, अगं हात ओला कर, हात ओला. ताई अर्धा तास बसू शकल्या नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत उठल्या. चालेल. त्या बसल्या हेच पुष्कळ.

टीका झालीच. मंडळीचे एक वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ, म्हणाले, प्रार्थना कमी आणि खाणं जास्त. आम्ही याची तयारी केली होती, पाळकसाहेबांशी आधीच बोलून ठेवलेलं, सुरुवातीला छोटी प्रार्थना आणि शेकोटीपाशी दोघांची साक्ष, म्हणजे आपला देवाचा अनुभव सांगणं, आणि उत्तर द्यायचं ते पाळकसाहेब देतील, ताई नाही. त्यांनी दिलंही, प्रेषितांच्या काळातली मंडळी घरोघरी भाकर मोडून आनंदाने जेवायची ते दाखवून. ते वडील अजूनही कुरकुरतात. पैशांचं म्हणाल तर यावेळी एक डबा ठेवला होता, ज्याने त्याने जमेल तसं टाकायचं, नाव लिहायचं नाही, आणि हिशोब एका रिटायर्ड शिक्षकांकडे. ताईंच्या पर्समधून काही गेलं नाही.

त्या रात्री झोप लागली का विचारलं तर म्हणाल्या, आदल्या रात्री नीट नाही लागली, पण तीनला नाही, पाचला जाग आली. नक्कल करणाऱ्या मुलीशी बोलायचं अजून बाकी आहे, त्यावर आम्ही काम करतोय. ईस्टरनंतरच्या फेलोशिपची वही आता दोन कॉलेजच्या मुलींकडे आहे आणि ताईंकडे फक्त पाण्याचे जार. मुली मला विचारायला आल्या होत्या काही टिप्स आहेत का. मी म्हटलं, मे महिन्यापर्यंत ताणू नका, साडेसातच्या आत सुरू करू नका, आणि त्या पत्र्याच्या हॉलमधे तर नकोच.