सल्फर हे प्लॅटिनमचं विष आहे, तर रिफॉर्मरच्या फीडमध्ये ते मुद्दाम का सोडतात?

पुस्तकात सल्फर म्हणजे कॅटॅलिस्टचं विष, आणि ट्रेनिंगला गेल्यावर सीसीआर युनिटच्या (प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर नाफ्थ्याचा, म्हणजे पेट्रोलच्या कच्च्या मालाचा, ऑक्टेन वाढवणारा आणि कॅटॅलिस्ट चालू असतानाच ताजा करत राहणारा रिफॉर्मर) फीड लाइनवर डायमिथाइल डायसल्फाइडचा (डीएमडीएस, सल्फर देणारं द्रव) डोसिंग पंप चालू दिसला, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही खरं आहे. पुस्तक एकट्या कॅटॅलिस्टचा विचार करतं, युनिट चालवणाऱ्याला हीटरच्या नळ्याही सांभाळायच्या असतात.

आजच्या सीसीआरमध्ये दाब साधारण 3.5 बार आणि रिअ‍ॅक्टर इनलेटचं तापमान 520 ते 545 अंश सेल्सिअस. अशा वेळी नळ्यांमधलं उघडं लोखंड आणि निकेल स्वतःच कॅटॅलिस्टसारखं वागतं आणि त्यावर कोक, म्हणजे कार्बनचा थर, धरतो. तो सुटून रिअ‍ॅक्टरमध्ये आला की कॅटॅलिस्टचा प्रवाह अडतो, आतल्या जाळ्या वाकतात, शटडाउन ठरलेला. थोडं सल्फर असलं की धातूवर सल्फाइडचा पातळ थर बसतो आणि कोक धरत नाही. म्हणून फीडमध्ये साधारण 0.15 ते 0.5 पीपीएम सल्फर राखतात. हायड्रोट्रीटर (रिफॉर्मरच्या आधी नाफ्थ्यातलं सल्फर काढणारं युनिट) फारच चोख चालला, तर उरलेलं पंपाने घालायचं. (त्या डीएमडीएसचा वास एकदा हातमोज्यांना लागला की घरी जेवताना कळतो.)

फिक्स्ड बेडमधल्या (जिथे कॅटॅलिस्ट एका जागी स्थिर असतो) प्लॅटिनम-रेनियम कॅटॅलिस्टचं गणित वेगळं. रेनियम सल्फर सहज सोडत नाही, त्यामुळे तिथे 0.5 पीपीएमच्या खालीच राहायचं, रेनियम जास्त असेल तर आणखी खाली. तरीही ताजा कॅटॅलिस्ट सुरू करण्याआधी त्याला सल्फर देतातच. नाहीतर रेनियम नाफ्थ्याचे तुकडे करून मिथेन बनवतं, त्यात उष्णता बाहेर पडते आणि बेडचं तापमान हाताबाहेर जातं.

आता खरा घोळ. हायड्रोट्रीटर बिघडून सल्फर पुढे गेलं की आधी पहिल्या रिअ‍ॅक्टरचा डेल्टा-टी (इनलेट आणि आउटलेटच्या तापमानातला फरक) पडतो, मग हायड्रोजन घटतो, ऑक्टेन घसरतो. शिफ्टमध्ये पहिला विचार येतो तो तापमान वाढवून ऑक्टेन सावरण्याचा. नेमकं तेच करायचं नाही. प्लॅटिनमवरचं सल्फर बऱ्याच अंशी परत निघतं, पण त्या अवस्थेत तापमान चढवलं तर कोक झपाट्याने साचतो, आणि तो रिजनरेशनशिवाय (जाळून काढल्याशिवाय) जात नाही. इनलेट उलट 480 अंशांच्या आसपास उतरवायचं, ऑक्टेनचं नुकसान सोसायचं, आणि रिसायकल गॅसमध्ये ड्रेगर ट्यूब (वायूचं प्रमाण रंगावरून दाखवणारी काचेची नळी) लावून हायड्रोजन सल्फाइड बघत राहायचं. ट्यूबमधला पांढरा थर कुठवर तपकिरी होतो ते वाचायचं. आकडा 1-2 पीपीएमवर आला की मगच हळूहळू वर. प्लॅनिंगवाले फोन करतील, करू द्या.

दरम्यान सल्फर आलं कुठून ते शोधायचं. आधी स्ट्रिपर बॉटम (हायड्रोट्रीटरनंतर विरघळलेले वायू काढणाऱ्या टॉवरच्या तळाचा माल) लेड अ‍ॅसिटेट पट्टीने तपासा. पट्टी काळी पडली तर विरघळलेलं हायड्रोजन सल्फाइडच पुढे जातंय, दोष स्ट्रिपरचा. पट्टी कोरी राहिली तर हायड्रोट्रीटरचं तापमान थोडं वाढवून बघा. सल्फर उतरलं तर कॅटॅलिस्ट थकलाय. उलट वाढलं, तर हायड्रोजन सल्फाइड ओलेफिनशी जुळून पुन्हा मर्कॅप्टन (सल्फर असलेलं संयुग) बनतंय. साधारण 340 अंशांच्या वर हा धोका असतो, तापमान कमी करा. आणि वर-खाली काहीही केलं तरी आकडा ढिम्म हलत नसेल, तर माझा संशय फीड-एफ्लुएंट एक्स्चेंजरवर (रिअ‍ॅक्टरमधून निघालेल्या गरम मालाने आत जाणारं फीड तापवतो तो) जातो. फीडच्या बाजूला दाब जास्त, त्यामुळे एखादी नळी फुटली की कच्चा नाफ्था थेट शुद्ध झालेल्या मालात मिसळतो. रिअ‍ॅक्टरच्या आउटलेटचा आणि एक्स्चेंजरनंतरचा असे दोन नमुने एकाच वेळी घ्या, विरघळलेलं हायड्रोजन सल्फाइड काढून टाका आणि लॅबला सल्फर विचारा. दुसऱ्यात जास्त निघालं की एक्स्चेंजर उघडण्याची तयारी करा.