वाचकांचे प्रश्न : ग्रुप सोडू का?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा पाच मैत्रिणींचा ग्रुप आहे. परीक्षा जवळ आली की आम्ही युनिट वाटून घेतो. प्रत्येकीने आपलं युनिट वाचायचं आणि बाकीच्यांना समजावून सांगायचं. तरी माझे गुण घसरत चाललेत. आई म्हणते, ‘हा ग्रुप सोड, हुशार मुलींच्यात बसत जा.’ मैत्रीचा अभ्यासावर खरंच इतका परिणाम होतो का?

उत्तर : होतो. पण तुझ्या पत्रात मला मैत्रिणींपेक्षा ती युनिटांची वाटणी जास्त खटकली. तिच्याकडे येतेच, आधी आईचं म्हणणं पाहू.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नव्या मुलांना खोलीतला जोडीदार जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखा मिळायचा. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञांनी त्या जोड्यांचे गुण तपासले आणि २००१ साली निष्कर्ष मांडला : जोडीदाराच्या गुणांचा आपल्या गुणांवर परिणाम होतो. मुख्य विषय कोणता निवडायचा, यावर मात्र होत नाही. म्हणजे आईचं अगदीच चूक नाही.

पण पुढची गोष्ट तिलाही वाचून दाखव. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत कच्च्या विद्यार्थ्यांना मुद्दाम खूप हुशार विद्यार्थ्यांच्या तुकडीत घातलं गेलं. हुशारांच्या संगतीने ते वर येतील, असा हिशेब. २०१३ मध्ये निकाल छापून आला तो उलटा! ज्यांच्या भल्यासाठी हा खटाटोप केला, तेच आणखी मागे पडले. एका तुकडीत राहूनही हुशार हुशारांत मिसळले आणि कच्चे कच्च्यांत. गट्टी काही हुकमावर जमत नाही. तेव्हा उद्या तू उठून पहिल्या बाकावरच्या मुलींत जाऊन बसलीस, तर नुसत्या बसण्याने काही साधणार नाही.

आता युनिटांकडे. मी गणित शिकवते, त्यामुळे हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. जी युनिट वाचते तिला ते येतं, कारण समजावून सांगायचं म्हणून ती डोकं खपवते. बाकीच्या चौघी ऐकतात. ‘कळलं का गं?’ ‘हो, कळलं.’ हे ‘हो’ मैत्रिणीला वाईट वाटू नये म्हणूनही येतं, आणि ऐकताना सगळं सोपं वाटतं म्हणूनही. पेपरात कोरं पान समोर आलं की मग कळतं, पाचातलं एकच युनिट आपलं होतं.

युरी ट्राइझमन या गणितज्ञांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात कॅल्क्युलस हा गणिताचा विषय शिकणारी मुलं जवळून पाहिली. चिनी वंशाची मुलं आठवड्याला १४ तासांच्या आसपास अभ्यास करत. त्यातला बराचसा एकट्याने, आणि मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरं ताडून बघायची, एकमेकांच्या चुका काढायच्या, वर थट्टाही करायची. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, पण अभ्यास एकटीच करायची. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. आपण नेमके कुठे चुकतोय हे सांगायला त्यांना कुणीच नव्हतं. ट्राइझमन यांनी मग अशा मुलांसाठी एकत्र बसून अवघड गणितं सोडवायचे वर्ग काढले. ‘कच्च्यांची शिकवणी’ असं रूप त्यांना दिलं नाही, हे मला विशेष आवडतं. मुलांचे गुण चांगलेच वाढले.

तुम्हीही तसंच करा. पाचही जणींनी सगळी युनिटं वाचायची. तीच चार गणितं घरून सोडवून आणायची, अडली तर अर्धवट आणायची, पण कोरी वही घेऊन यायचं नाही. मग वह्यांची अदलाबदल. संकलनाच्या (इंटिग्रेशनच्या) गणितात चल बदलला पण सीमा जुन्याच ठेवल्या, ही चूक स्वतःच्या वहीत दहादा वाचूनही दिसत नाही. मैत्रीण बोट ठेवून दाखवते. उत्तरं जुळली नाहीत तर उत्तरसूची लगेच उघडू नका, आधी भांडा. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर माहीत नसलं, तरी चर्चेनंतर मुलं त्याच धर्तीचा नवा प्रश्न जास्त चांगला सोडवतात.

एक सेमिस्टर असं करून बघ. वह्या आणायला कुणीच तयार नसेल, तर अभ्यासापुरती दुसरी एखादी जोडीदारीण शोध. मैत्री तोडायचं त्यात काही कारण नाही.

प्रश्न : माझा मुलगा पहिल्या वर्षाला आहे. गुण उत्तम, पण सदा एकटाच ग्रंथालयात. काळजी करावी का?

उत्तर : गुणांची नको. जॅनिस मॅककेब या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ६७ विद्यार्थ्यांच्या मैत्रीचे नकाशेच काढले. इथे एक मित्र, तिथे एक, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही, अशी मुलं अभ्यासात ठीक होती. एकटेपण मात्र त्यांना जाणवायचं. मुलाला ‘मित्र किती झाले?’ असं विचारू नका, तो वैतागेल. ‘लेक्चर चुकलं तर वही कुणाची घेतोस?’ असं विचारून बघा. एक नाव आलं तरी तूर्त पुरे. नाहीच आलं, तर प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या जोडीदारापासून सुरुवात करायला सांगा. तिथे बोलायला विषय आयता मिळतो.